गोलांच्या रकान्यात शून्य

२०१५ साली बालेवाडीला एक मॅच बघायला मी माझ्या मावसभावाला ओढून नेलं होतं. तो पक्का क्रिकेटवाला. फुटबॉलशी त्याचा संबंध चार वर्षांतून एकदा, वर्ल्ड कपपुरता. पण आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगमधल्या एफसी पुणे सिटीकडे त्या मोसमात अशी नावं होती, की एरवी ती आपण रात्री दीड वाजता टीव्हीसमोर डोळे चोळत बघायची. रुमानियाचा आद्रियान मुटू, तुर्कीचा तुंजाय, आणि कोच म्हणून इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट. कोथरूडहून निघून चांदणी चौक पार करेपर्यंत भावाचा अर्धा उत्साह ट्रॅफिकनेच खाल्ला होता. उरलेला मी संपवला, कारण पहिली वीस मिनिटं मी त्याला चेंडू सोडून भलत्याच माणसाकडे बघायला लावत होतो.

"तो बघ, मधे उभा आहे तो. झोकोरा. तीन वर्ल्ड कप खेळलाय."

भावाने बघितलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाला, "पण हा करतोय काय?"

प्रश्न रास्त होता. आयव्हरी कोस्टचा दिदिए झोकोरा चेंडू मिळाला की दोन स्पर्शांत तो जवळच्या माणसाला देऊन टाकत होता आणि पुन्हा चालायला लागत होता. सारखी मान वळवून मागे बघत होता. हाताने कुणाला तरी पुढे ढकलत होता, कुणाला मागे बोलावत होता. रस्त्यात कुणी ओळखीचं दिसतंय का, असं शोधणाऱ्या माणसासारखा. त्या संध्याकाळी मला भावाला नीट उत्तर देता आलं नाही. "अरे, तो डिफेन्सिव्ह मिडफिल्डर आहे," असं म्हणून मी वेळ मारून नेली. ते उत्तर आज सविस्तर देतोय. झोकोराने खेळणं थांबवून बरीच वर्षं झाली आहेत, म्हणजे आता त्याचं सगळं करिअर समोर मांडून बघता येतं.

करिअर आपण वाचतो ते तक्त्यात. वर्ष, क्लब, सामने, गोल. झोकोराचा तक्ता काढा. टॉटनहॅमकडे तीन मोसम, इंग्लिश लीगचे ८८ सामने, गोल शून्य. देशाकडून २००० ते २०१४ अशी चौदा वर्षं, १२३ सामने, गोल एक. क्रिकेटच्या सवयीने बघितलं तर ह्या माणसाला कुणी संघात घेतलंच कसं, असं वाटेल. आणि तरी २००६ साली टॉटनहॅमने त्याच्यासाठी ८२ लाख पौंड मोजले होते. तो देशाच्या संघातून बाहेर पडला तेव्हा आयव्हरी कोस्टकडून सर्वाधिक सामने खेळलेला खेळाडू तोच होता. त्या संघात ड्रोग्बा होता, याया तुरे होता, तरीही.

म्हणजे तक्त्यातला शेवटचा रकाना ह्या माणसाबद्दल काहीच सांगत नाही. मग बघायचं कुठे?

कोठीवरचा माणूस

जुन्या पद्धतीच्या लग्नात एक कोठीघर असायचं. पंगतीत वाढणारे पुढे मिरवायचे, आग्रह करायचे, जिलबीचं ताट घेऊन फिरणाऱ्याला तर सगळा मांडव ओळखायचा. कोठीवर मात्र घरातला एखादा काका बसलेला असायचा. कुठल्या पंगतीला काय कमी पडणार आहे हे त्याला वाढप्यांच्या आधी कळायचं. त्याने जेवणाऱ्यांना एक चमचाभर वरणसुद्धा वाढलेलं नसायचं. लग्नाच्या फोटोंत तो सापडत नाही. पण दुसऱ्या पंगतीला पोळ्या संपल्या, तर सगळे पहिल्यांदा त्यालाच शोधत येतात.

बचावाच्या पुढे उभा राहणारा मिडफिल्डर म्हणजे हा काका.

फुटबॉलवाले मधल्या फळीतल्या कामांना आकड्यांनी ओळखतात: सहा, आठ आणि दहा. हे आकडे शर्टाच्या पाठीवरचेच असतील असं नाही. दहा म्हणजे पुढच्या फळीला चेंडू पुरवणारा, कल्पक, सगळ्यांचा लाडका. आठ म्हणजे दोन्ही गोलांच्या मधे ये-जा करणारा इंजिनवाला. आणि सहा म्हणजे कोठीवाला. आपल्याकडे जुनी माणसं अजूनही 'हाफ' म्हणतात. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर मॅच बघायला बसलात, तर शेजारचे आजोबा 'हाफ कमजोर आहे राव' असं एका वाक्यात संघाचं निदान करून मोकळे होतात. बहुतेक वेळा ते बरोबर असतं.

सहा नंबरचं काम समजून घ्यायचं तर चेंडू विसरावा लागतो. मैदान म्हणजे साधारण शंभर बाय सत्तर मीटरची जागा, आणि प्रत्येक बाजूला गोलकीपर सोडून दहाच माणसं. इतक्या जागेत दहा माणसं पुरत नाहीत, कुठेतरी भोक राहतंच. विशेषतः आपला संघ हल्ल्याला गेलेला असतो तेव्हा. डावा बॅक पुढे धावत गेला की त्याच्या मागे रिकामं अंगण पडतं. चेंडू तुटला, म्हणजे समोरच्यांकडे गेला, तर ते पहिला पास तिथेच देणार. सहा नंबरवाला हल्ला चालू असतानाच त्या अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहतो. मग चेंडू तुटतो, समोरचा मान वर करतो, तिथे माणूस उभा दिसतो, आणि तो पास देतच नाही. उलट मागे वळतो. घडलं काय? प्रेक्षकाच्या दृष्टीने काहीच नाही. टॅकल नाही, टाळी नाही, आकडा नाही. न घडलेल्या गोष्टीचा रकाना कुठल्या तक्त्यात असतो?

ती मान वळवणंही ह्याचसाठी. चेंडू आपल्याकडे येईपर्यंतचा जो एखाद-दीड सेकंद मिळतो, तेवढ्यात मागे कोण आहे हे बघून ठेवायचं. आधीच बघून ठेवलेल्या माणसाला चेंडू दोन स्पर्शांत पुढे देता येतो. ज्याने बघितलेलं नसतं तो चेंडू पायात घेतो, मग मान वर करतो, आणि तोवर कुणीतरी अंगावर आलेलं असतं. कोच पोरांना हे 'खांद्यावरून बघ' असं ओरडून ओरडून शिकवतात.

एक काम जरा काळ्या रंगाचं आहे. समोरचा संघ वेगाने उलट हल्ल्यावर निघाला आणि आपली माणसं मागे पोचलेली नाहीत, अशा वेळी मैदानाच्या मध्यावरच हलका फाऊल करायचा. शर्ट ओढायचा, पायात पाय घालायचा, पिवळं कार्ड घ्यायचं आणि निमूट चालू लागायचं. ह्याला खिलाडूवृत्ती म्हणता येणार नाही. पण हे न करणारा सहा नंबर कुठल्याच कोचला परवडत नाही. असल्या माणसाच्या तक्त्यात गोल कमी आणि कार्डं जास्त दिसली, तर त्यातली काही त्याने संघाच्या वतीने भरलेली बिलं आहेत असं समजायचं.

ह्या कामाची किंमत ते करणारा गेल्यावर कळते, ह्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण रिआल माद्रिदचं. त्यांच्याकडे झिदान होता, ब्राझीलचा रोनाल्डो होता, फिगो होता, आणि ह्या सगळ्यांच्या मागे क्लॉड मॅकेलेले होता. २००३ साली त्यांनी लीग जिंकली, बेकहॅमला आणलं आणि मॅकेलेलेला चेल्सीला विकलं. पुढची लीग जिंकायला त्यांना २००७ उजाडलं. सगळा दोष त्या एका विक्रीचा नव्हता, कोचही दर वर्षी बदलत होते. पण तेव्हापासून फुटबॉलमध्ये ह्या जागेला त्याचंच नाव चिकटलं.

एकदाच पुढे गेला तेव्हा

झोकोराचं नाव इंग्लंडमध्ये ज्या क्षणासाठी निघतं तो मात्र ह्याच्या बरोबर उलटा आहे, आणि तो सांगायचा मोह मला आवरत नाही. २४ फेब्रुवारी २००८, वेम्बली, लीग कपची फायनल. टॉटनहॅमसमोर चेल्सी. चेल्सीकडे त्याचाच देशबंधू आणि देशाच्या संघाचा कप्तान ड्रोग्बा, ज्याने त्या दिवशी फ्री किकवर गोल केला. झोकोरा एकदा नेहमीची जागा सोडून धावत सुटला आणि चक्क एकटा गोलकीपरसमोर पोचला. पेत्र चेक पुढे आला. झोकोराचा फटका चेकवर आदळून परत आला, तोही पुन्हा त्याच्याच पायाशी. दुसऱ्यांदा त्याने मारला तो बारच्या वरून प्रेक्षकांत.

दहा नंबरवाल्याने हे केलं असतं तर आठवडाभर अग्रलेख आले असते. झोकोराच्या बाबतीत लोक हसले. तुम्ही तो प्रसंग पुन्हा बघाल तेव्हा दुसऱ्या फटक्याच्या वेळी त्याचं शरीर बघा. तो घाईत आहे, मागे झुकलाय. ज्या माणसाचं सगळं करिअर 'चेंडू सुटला तर मागे काय होईल' ह्या एकाच काळजीत गेलं, त्याच्याकडून गोलसमोरचा तो थंडपणा कुठून येणार? फटका मारण्याच्या क्षणी फॉरवर्डला फक्त जाळी दिसते. कोठीवरच्या माणसाला पाठीमागे उघडी पडलेली कोठीही दिसते.

सामना टॉटनहॅमने जादा वेळेत २-१ असा जिंकला. त्यानंतर त्या क्लबला पुढचा चषक मिळायला २०२५ची युरोपा लीग उजाडावी लागली. म्हणजे सतरा वर्षं टॉटनहॅमचा शेवटचा चषक जिंकणाऱ्या संघात हा शून्य गोलवाला होता.

अनवाणी पायांची शाळा

झोकोराचा जन्म १९८०चा, आबिजानचा. तिथल्या आसेक मिमोझा क्लबाच्या अकादमीत तो शिकला. जाँ-मार्क गियू नावाच्या फ्रेंच माणसाने नव्वदीच्या दशकात ही अकादमी उभी केली आणि तिथून जी पोरं बाहेर पडली ती यादी वाचून थक्क व्हायला होतं. कोलो तुरे, याया तुरे, एबूए, सालोमोन कालू, जेर्विन्यो, झोकोरा. एका शहरातली एक शाळा, आणि देशाचा अर्धा-अधिक राष्ट्रीय संघ तिचाच.

गियूच्या पद्धतीची एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पोरं अनवाणी खेळायची, बूट मिळवायला चेंडूवरचा ताबा सिद्ध करावा लागायचा. त्यात गरिबीपेक्षा शिकवण्याचा भाग जास्त. अनवाणी पायाने चेंडू ठोकता येत नाही, दुखतं. मग पाय हलका ठेवावा लागतो, चेंडू अंगावर मऊ घ्यावा लागतो. धसमुसळा वाटणारा झोकोरा चेंडू मिळाल्यावर गडबडत नसे, त्याचं मूळ बहुधा तिथे असावं.

आबिजानहून थेट इंग्लंडला कुणी जात नाही. पायऱ्या असतात. पहिली पायरी बेल्जियम: भाषा अर्ध्या देशात फ्रेंच, युरोपबाहेरच्या खेळाडूंना तिथले नियम तुलनेने सैल, आणि मोठ्या क्लबांचे स्काऊट वीकेंडला मोटारीने येऊन बघून जाऊ शकतात. झोकोरा २००० साली गेंक क्लबाकडे गेला, २००२ साली ते बेल्जियमचे विजेते ठरले. मग फ्रान्सचं सेंट एतिएन. मग २००६चा वर्ल्ड कप, आणि लगेच टॉटनहॅम. तिथून २००९ साली स्पेनचा सेव्हिया, जिथे २०१० साली त्यांनी स्पेनचा राजाचा चषक जिंकला. २०११ साली तुर्की: त्राब्झोनस्पोर, नंतर अखिसार. आणि मग पुणे.

तुर्कीतली एक गोष्ट टाळून पुढे जाणं बरं नाही. एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याने वर्णद्वेषी शिवी दिल्याचा आरोप त्याने उघडपणे केला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. आकड्यांच्या तक्त्यात 'त्राब्झोनस्पोर' ह्या एका शब्दामागे हेही असतं.

माणूस विकत घेत नाहीत, करार घेतात

'क्लबने खेळाडू एवढ्याला विकला' हे वाक्य आपण बाजारात म्हैस विकल्यासारखं म्हणतो. खरं तर विकला जातो तो करार. समजा, खेळाडूचा जुन्या क्लबाशी अजून तीन वर्षांचा करार आहे. नव्या क्लबाला तो आजच हवा असेल, तर ती तीन वर्षं मोडण्याची भरपाई म्हणजे ट्रान्सफर फी. करार संपला की फी नाही, खेळाडू मोकळा. हे १९९५पर्यंत असं नव्हतं. करार संपला तरी जुना क्लब फी मागून अडवू शकायचा. जाँ-मार्क बोसमन नावाचा बेल्जियमचाच एक मिडफिल्डर ह्याविरुद्ध युरोपीय न्यायालयात गेला आणि १९९५च्या डिसेंबरात जिंकला. त्याचं स्वतःचं करिअर त्या लढाईत संपलं. त्यानंतरच्या प्रत्येक खेळाडूच्या वाटाघाटीत मात्र त्याचं नाव आहे.

फी क्लबाच्या वहीत कशी पडते तेही बघण्यासारखं. पिंपरी-चिंचवडमध्ये कारखाना चालवणाऱ्याला हे लगेच कळेल, कारण तो मशीनवर घसारा लावतो. ८० लाखांची फी आणि चार वर्षांचा करार असेल, तर वहीत वर्षाला २० लाख खर्च पडतो. दोन वर्षांनी त्या खेळाडूची वहीतली किंमत ४० लाख. त्याहून जास्तीला विकला तर नफा, कमीला विकला तर तोटा. खेळाडूचा पगार ह्याच्या वेगळा. म्हणून क्लब कराराच्या शेवटच्या वर्षी एक तर नवा करार करायला धावतात नाही तर विकायला. पेपरात आपण ज्याला 'खेळाडू नाराज' म्हणून वाचतो, त्यातलं पुष्कळसं हे घसाऱ्याचं गणित असतं.

आता ज्या भागासाठी मी हा सगळा परिच्छेद लिहायला घेतला तो. फिफाचा एक नियम आहे: खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशात फी देऊन गेला, तर त्या फीतले ५ टक्के त्याला १२व्या ते २३व्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांना वाटायचे. १२ ते १५ ह्या प्रत्येक वर्षाला फीच्या पाव टक्का, १६ ते २३ ह्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. गणित करू. ८२ लाख पौंडांचे ५ टक्के म्हणजे ४ लाख १० हजार पौंड. एखाद्या क्लबात खेळाडू वयाच्या १६ ते १९ अशी चार वर्षं असेल, तर त्या क्लबाचे २ टक्के, १ लाख ६४ हजार पौंड. आणि हे एकदाच नाही. तो पुढे पुन्हा तसाच विकला गेला की पुन्हा.

हे पैसे मिळायला एकच गोष्ट लागते: त्या वयात तो पोरगा तुमच्याकडे खेळत होता ह्याची नोंद. त्याला 'प्लेअर पासपोर्ट' म्हणतात. आपल्याकडे रविवारी सकाळी मैदानावर चाळीस पोरं सराव करतात, फी भरतात, शर्ट घालतात, आणि फेडरेशनच्या नोंदणीत त्यातली मोजकीच असतात. बाकीची स्पर्धेच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर जन्मदाखला मागवून ऐनवेळी भरती. एखादा पुढे निघालाच, तर त्याला घडवल्याचा पुरावा म्हणजे क्लबाच्या भिंतीवरचा ग्रुप फोटो. पुण्यातल्या छोट्या क्लबांच्या लोकांना भेटलो की मी हे हटकून काढतो आणि ते हटकून विषय बदलतात.

दोनशे चाळीस मिनिटं

देशाकडून खेळताना झोकोराचं काम सगळ्यात स्वच्छ दिसतं, कारण शेजारी याया तुरे. दोघं एकाच शाळेतले. यायाने २०१३-१४च्या एका मोसमात मँचेस्टर सिटीसाठी इंग्लिश लीगमध्ये २० गोल केले. मिडफिल्डरने २० गोल करणं म्हणजे यष्टिरक्षकाने मोसमात सर्वाधिक बळी घेण्यासारखं. असा माणूस पुढे जाऊ शकतो तो मागे कुणीतरी थांबलेलं असतं म्हणून. क्लबात ते काम दुसरी माणसं करायची, देशाकडून वर्षानुवर्षं झोकोरा. यायाने पुढे घेतलेल्या प्रत्येक धावेत थोडासा हिस्सा न धावणाऱ्याचा असतो. मात्र त्याचा ५ टक्क्यांचा नियम कुणी केलेला नाही.

वर्ल्ड कपमध्ये नशीबच फुटकं. २००६च्या गटात अर्जेंटिना आणि नेदरलँड्स. २०१०च्या गटात ब्राझील आणि पोर्तुगाल. २०१४ला गट जरा बरा मिळाला, तर अगदी शेवटी ग्रीसने पेनल्टीवर गोल केला. तिन्ही वेळा पहिल्या फेरीतूनच परत.

पण आफ्रिकन नेशन्स कप बघा. २००६ची फायनल, कैरो, समोर यजमान इजिप्त. १२० मिनिटं ०-०, पेनल्टींवर हार. २०१२ची फायनल, लिब्रव्हिल, समोर झांबिया. पुन्हा १२० मिनिटं ०-०, पुन्हा पेनल्टींवर हार, ७-८. त्या २०१२च्या स्पर्धेत आयव्हरी कोस्टने पहिल्या सामन्यापासून फायनलपर्यंत एकही गोल खाल्ला नव्हता. एकही नाही. आणि कप झांबियाला. दोन्ही फायनलच्या संघांत झोकोरा होता. बचाव करणाऱ्याने ह्याहून जास्त काय करायचं? दोन फायनल, दोनशे चाळीस मिनिटं, खाल्लेले गोल शून्य, हातात कप शून्य.

२०१४ नंतर तो राष्ट्रीय संघातून बाहेर पडला. २०१५च्या फेब्रुवारीत आयव्हरी कोस्ट पुन्हा फायनलला, समोर घाना. पुन्हा ०-०. पुन्हा पेनल्टी. ह्या वेळी ९-८ असे जिंकले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात तो बालेवाडीला आला.

पुण्यात का?

मिडफिल्डर एका सामन्यात दहा-बारा किलोमीटर पळतो. आपण सिंहगड रोडवरून खडकवासल्यापर्यंत जातो साधारण तेवढं, पण सरळ नाही. थांबत, वळत, अंगावर घेत. तिशीनंतर पळायचं अंतर फारसं कमी होत नाही, आधी जातो तो स्फोट: पहिल्या पाच पावलांचा वेग. फॉरवर्डचं दुकान त्यावर चालतं, म्हणून ते लवकर बंद पडतं. सहा नंबरवाला अनुभवाने ती पाच पावलं आधीच निघून भरून काढतो. म्हणून हे लोक पस्तिशीपर्यंत टिकतात. फक्त आठवड्याला दोन सामने, असे दहा महिने, हे शरीराला जमत नाही.

आता आयएसएलचा तेव्हाचा आकार बघा. आठ संघ, साखळीत प्रत्येकाचे चौदा सामने, सगळा कारभार ऑक्टोबर ते डिसेंबर. मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालायचे, किमान पाच भारतीय हवेत. चौतिशीतल्या, डोकं शाबूत असलेल्या माणसाला ह्याहून सोयीची नोकरी कुठली? लीगलाही नावं हवी होती. चिडवणारे ह्याला निवृत्तांचं विश्रामगृह म्हणायचे. ते अर्धं खरं होतं, आणि पुणेकर असल्यामुळे मीही ते दोन-चारदा म्हटलेलं आहे.

उरलेलं अर्धं असं, की त्या संघात वीस-बावीस वर्षांची भारतीय पोरं होती आणि सरावाला त्यांच्यासमोर रोज हा उभा. खांद्यावरून बघणं यूट्यूबवर कळत नाही. ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडून लागतं, सवयीसारखं. निकाल मात्र काही लपवण्यासारखा नाही: पुणे आठ संघांत सातवं आलं. कोठी चोख असून उपयोग नाही, स्वयंपाक बिघडलेला असेल तर. पुढच्या वर्षी झोकोरा आयएसएलच्याच नॉर्थईस्ट युनायटेडकडे गेला आणि पुण्याने त्या जागेसाठी मोहम्मद सिसोकोला आणलं, जो व्हॅलेन्सिया, लिव्हरपूल, युव्हेंटस करून आलेला. सिसोको मुळात फॉरवर्ड. व्हॅलेन्सियात राफा बेनिटेझने त्याला मागे ओढून कोठीवर बसवलं. बहुतेक सहा नंबरवाल्यांची गोष्ट अशीच असते. लहानपणी कुणालाच तिथे उभं राहायचं नसतं.

निवृत्तीनंतर ह्या जागेवरचे खेळाडू कोच फार होतात. ग्वार्डिओला, अँचेलोटी, देशाँ, झाबी अलोन्सो, आर्तेता, सगळे मधल्या फळीतले. त्यात गूढ काही नाही. बाकीचे खेळत असताना ही माणसं आयुष्यभर सगळं मैदान बघत आलेली असतात.

एफसी पुणे सिटी २०१९ साली बंद झाली, तिची जागा हैदराबादच्या नव्या क्लबाने घेतली. झोकोराच्या तक्त्यात ती ओळ अजून आहे.

गेल्या महिन्यात एका रविवारी संगमवाडीजवळच्या एसएसपीएमएसच्या मैदानावर गेलो होतो. स्थानिक सामना, पत्र्याच्या शेडखाली तीस-चाळीस माणसं, वडापावचा वास. मावसभाऊ बरोबर होता, आता त्याचा मुलगा खेळतो म्हणून येतो. एका संघात सहा नंबरच्या जागेवर एक बुटका पोरगा होता, काहीच न केल्यासारखा खेळत होता. स्कोअर १-०. साठाव्या मिनिटाच्या आसपास त्याच्या पोटरीत गोळा आला आणि लंगडत बाहेर गेला. बदली पोरगा उत्साही, चेंडू दिसेल तिकडे धावणारा. दहा मिनिटांत १-२.

भावाने मोबाइल खाली ठेवला. मैदानावरून एकदा नजर फिरवली आणि मला म्हणाला, "अरे, तो मागे बघणारा कुठे गेला?"